जीबीएस (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) झाल्यापासून बोटांत ताकद नाही, गिटार सोडू का?

अजिबात सोडू नका. माझ्या मावसभावाला जीबीएस झाला होता, डावा हात बरेच महिने धड मुठीत वळत नव्हता, तरी आज वाजवतो, स्पीड कमी झालाय पण वाजवतो. नसा हळूहळू भरून येतात त्यामुळे घाई करून उपयोग नाही, फिजिओला विचारून दिवसातून तीन-चारदा पाच-पाच मिनिटं वाजवा, हात थकला की लगेच थांबायचं. स्टीलच्या जाड तारा काढून टाका, नायलॉनच्या तारांची क्लासिकल गिटार घ्या किंवा इलेक्ट्रिकला ०९ चा पातळ तारांचा सेट लावा, दुकानात अ‍ॅक्शन (तारांची पट्टीपासूनची उंची) खाली करून घ्या. आणि हे नक्की करून बघा, सगळ्या तारा दोन फ्रेट (गिटारच्या मानेवरच्या धातूच्या पट्ट्या) इतक्या खालच्या सुरात ट्यून करून दुसऱ्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकत्र दाबणारा चिमटा) लावायचा, सूर तोच राहतो पण तारा मऊ लागतात आणि बोटं कमी ताणावी लागतात. बोटं बधिर असतील तर वाजवून झाल्यावर टोकं डोळ्यांनी तपासा, कापलेलं कळत नाही. प्रसिद्ध जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्टची १९२८ च्या आगीत डाव्या हाताची दोन बोटं जवळजवळ निकामी झाली, त्याचे सोलो उरलेल्या दोन बोटांवरचे आहेत, ऐकाच!