हार्ट फेल्युअरमध्ये (हृदय कमजोर होऊन रक्त पुरेसं पंप न होणं) बीटा ब्लॉकर (हृदयाचा वेग आणि जोर कमी करणारं औषध) देण्याची कल्पना कोणाची?

स्वीडनमधल्या गोथेनबर्गचे कार्डिओलॉजिस्ट फिन वागस्टाइन आणि त्यांचे सहकारी. १९७५ मध्ये त्यांनी जेमतेम ७ रुग्णांवरचा अनुभव छापला. तेव्हा हे औषध अशा रुग्णांना वर्ज्यच मानलं जायचं. आधीच दमलेल्या हृदयाचा जोर आणखी कशाला कमी करायचा? वागस्टाइन यांनी उलटा विचार केला: दमलेल्या हृदयावर अ‍ॅड्रेनलिनसारख्या हार्मोनचा मारा सतत चालू असतो, तो थोपवला तर ते सावरेल. खरी मेख डोसमध्ये आहे. अगदी थोड्यापासून सुरुवात, मग दर काही आठवड्यांनी वाढ. घाई केली तर धाप वाढते. १९९९ मध्ये मेरिट-एचएफ चाचणीत ३९९१ रुग्णांवर मेटोप्रोलॉल हे बीटा ब्लॉकर तपासलं गेलं. मृत्यूंचं प्रमाण ३४ टक्क्यांनी घटलं, इतकं स्पष्ट की चाचणी मुदतीआधीच थांबवली. सातांपासून इथवर २४ वर्षं! या चिकाटीबद्दल मला मनापासून आदर आहे.