आधी पट बघ

पोरी,

तुझा परवाचा लांबलचक मेसेज वाचला. अभ्यासिकेत येणाऱ्या त्या नववीतल्या पोराने कोयता नाचवत रील टाकली, पोलिसांनी आईसकट बोलावून समज दिली, आणि आता तू सगळ्या पोरांसाठी मूल्यशिक्षणाचं सत्र ठेवायचं म्हणतेस. ठेवू नकोस. मारामारी वाईट हे त्यांना तुझ्या-माझ्याइतकंच ठाऊक आहे, आणि तिचे परिणाम त्यांनी आपल्यापेक्षा जवळून बघितलेत. त्या पोराला एवढंच विचार, शाळेत शेवटचा कधी गेला होतास? तुझ्या अख्ख्या मेसेजमध्ये तेवढंच नाही.

पुण्यातल्या वस्त्यांत इतकी वर्षं काढल्यावर माझं एक मत पक्कं झालंय. पहिल्या राड्याच्या कितीतरी आधी पोराचं नाव शाळेच्या पटावरून निघालेलं असतं, आणि ते कुणाच्या लक्षातही आलेलं नसतं. शिक्षण हक्क कायदा १४ वर्षांपर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत हात धरतो. नववीत शाळेला दहावीच्या शंभर टक्के निकालाचे वेध लागतात. मग कच्च्या पोराच्या आईला बोलावून काही ठिकाणी गोड शब्दांत सांगतात, ‘दाखला घेऊन जा, सतरा नंबर भरा.’ कामावरून खाडा करून आलेली ती बाई सही करते. सतरा नंबर म्हणजे दहावीला बाहेरून बसायचा अर्ज, हे आणि तो कुठे भरायचा हेही तिला कुणी सांगत नाही.

त्यानंतर पोरगं सकाळी अकराला उठतं आणि टपरीवर जाऊन बसतं. तिथे ‘जेवलास का रे?’ असं विचारणारा एक दादा असतो. तो वडापाव देतो, रिचार्ज मारतो, बुलेटवर मागे बसवतो. पुढे कधीतरी म्हणतो, ‘ही पिशवी तेवढी पोचव.’ या दादाशी तुझी स्पर्धा आहे, आणि तो रोज हजर असतो हे विसरू नकोस.

म्हणून हजेरी घे, आणि नुसती वहीत नको. सलग दोन दिवस कुणी दिसलं नाही की संध्याकाळी त्याच्या घरी जा. का आला नाहीस हे पहिल्या भेटीत विचारायचं नाही. चहा प्यायचा, धाकट्या बहिणीची वही बघायची आणि उठायचं. पोरगं पायरीपर्यंत सोडायला आलं की आपणहून बोलतं.

सतरा नंबरला मात्र नावं ठेवू नकोस, वाट चांगली आहे. किमान पाचवी पास आणि वयाची १४ वर्षं पूर्ण असली की दहावीला खासगी बसता येतं. अर्ज ऑनलाइन. शाळा सोडल्याचा दाखला, आधार आणि फोटो लागतो. अर्ज सहसा पावसाळ्यातच सुरू होतात, तेव्हा फेब्रुवारी-मार्चच्या परीक्षेची काळजी आपण आषाढातच करायची. दहावीत गचकलेल्यांना निकालानंतर लगेचच पुरवणी परीक्षा असते. तीही नको म्हणणाऱ्याला आयटीआयची चौकशी करायला लाव. वेल्डर, प्लंबर असे काही ट्रेड दहावी नापास मुलालाही मिळतात. काहीही कर, पण कुठल्या ना कुठल्या पटावर त्याचं नाव असलं पाहिजे.

आता खरी मेख. यातल्या बऱ्याच पोरांना वाचता येत नाही. २०२३च्या ‘असर’ या शिक्षणविषयक पाहणीत ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलांपैकी जवळपास चौथा हिस्सा दुसरीचा उतारासुद्धा सलग वाचू शकला नव्हता. वर्गात मस्ती करणारं, उत्तराच्या वेळी सगळ्यांना हसवणारं पोरगं बघ. वाचायची पाळी आली की त्याला हमखास लघवीला जायचं असतं. त्याच्या हातात बालभारतीचं दुसरीचं पुस्तक देऊ नकोस, सोळा वर्षांच्या पोराची अब्रू जाते. माझ्याकडच्या एकाने वाचायला सुरुवात केली ती ई-चलनाच्या मेसेजवरून. मामाची गाडी, हेल्मेट नाही. दंड किती आणि कधीपर्यंत, हे त्याला कुणाला न विचारता कळायला हवं होतं. घामाघूम होऊन, बोट ठेवून, ‘वि-ना हे-ल्मे-ट’ असं वाचलंन. मग गाडीच्या हप्त्याचं व्याज काढून दाखवलं, तेव्हा त्याला शेकडेवारी पहिल्यांदा पटली. ‘एवढं जास्त घेतात?’ म्हणाला. गणिताच्या पुस्तकाने जे जमलं नव्हतं, ते फायनान्सवाल्याने करून दिलं.

दादा लोकांचं एक पेटंट वाक्य तुझ्या कानावर येईलच: ‘तू अठराच्या आत आहेस, तुला काही होत नाही.’ याला भाषणाने नको, कायद्याने उत्तर दे. २०१५च्या बाल न्याय कायद्यात १६ ते १८ वयाच्या मुलावर जघन्य गुन्ह्याचा, म्हणजे किमान सात वर्षं शिक्षा असलेल्या गुन्ह्याचा आरोप असेल, तर बाल न्याय मंडळ प्राथमिक मूल्यमापन करतं आणि त्याच्यावर प्रौढासारखा खटला चालू शकतो. याच कायद्याच्या कलम ८३मध्ये मुलांना बेकायदा कामाला जुंपणाऱ्या प्रौढाला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांचा दंड आहे. म्हणजे पिशवी पोचवायला सांगणाऱ्या दादाने स्वतःला काय होऊ शकतं ते सांगितलेलंच नसतं. हे ऐकून पोरं गप्प होतात, डोक्यात हिशोब सुरू होतो.

त्याच दमात दुसरी बाजूही सांग, नाहीतर आधीच अडकलेलं पोरगं म्हणेल, आता काय उरलं! मुलाला पोलीस कोठडीत ठेवता येत नाही, २४ तासांच्या आत मंडळापुढे न्यावं लागतं. समुपदेशन, समाजसेवा, शाळेत किंवा व्यवसाय प्रशिक्षणाला जाणं, असे आदेश मंडळ देऊ शकतं. प्रौढ म्हणून खटला चाललेला नसेल, तर मंडळाच्या निकालामुळे तो पुढे कशालाही अपात्र ठरत नाही. त्याची ओळख उघड करायलाही बंदी आहे, तेव्हा देणगीदारांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘आमचा बदललेला मुलगा’ म्हणून त्याचा फोटो टाकायचा मोह आवर.

वर्गाची वेळ चारची ठेवलीस, ती बदल. कामावर जाणारी पोरं त्या वेळी येणार कुठून? फुले दांपत्याने १८५५मध्ये याच पुण्यात कष्टकऱ्यांसाठी शाळा काढली ती रात्रीची, हे काही उगाच नाही. आणि पोरं अभ्यासासाठीच यावीत असा हट्टही सोड. नागपुरात विजय बारसे सरांनी २००१मध्ये झोपडपट्टीतल्या पोरांपुढे फुटबॉल टाकला, प्रवचन दिलं नाही. तुझ्या वस्तीत कॅरम चालेल. आमच्याकडे ढोलपथकाच्या सरावाआधी तासभर वाचन असायचं, आणि ताशासाठी का होईना, पोरं वेळेवर यायची.

त्या नववीतल्या पोराचा दाखला शाळेत आहे की घरी, ते उद्याच बघ. फी थकली म्हणून शाळेने अडवून ठेवला असेल तर मला फोन कर, मी येते मुख्याध्यापकांकडे. रविवारी त्याला आईसकट माझ्याकडे पाठव. आधार आणि दोन फोटो आणायला सांग, आणि त्याला आधीच सांगून ठेव की कोयत्याचा विषय मी काढणार नाहीये.

तुझी,
बाई