वाचकांचे प्रश्न : ग्रेहाऊंड घरात रुळवताना

प्रश्न : पंजाबात शर्यतींसाठी वाढवलेली चार वर्षांची ग्रेहाऊंड कुत्री आम्ही दोन आठवड्यांपूर्वी दत्तक घेतली. ती हॉलमधल्या चटईवरून हलत नाही, सोप्यावर चढायच्या तीन पायऱ्या चढत नाही. झोपलेली असताना नातवाने हात लावला तर गुरगुरली. व्यवस्थित खाते, तरी बरगड्या दिसतात. ती आजारी आहे की आमच्यावर नाराज?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : तुम्ही लिहिलं आहे त्यावरून आजारपण वाटत नाही, आणि नाराजी तर नाहीच. शर्यतीचं कुत्रं शेडमध्ये, मातीवर, आपल्याच जातीच्या सोबतीत वाढतं. गुळगुळीत लादी, जिना, काचेचं दार, मिक्सरचा आवाज, एकटं राहणं हे सगळं त्याला नवं असतं. वय चार असलं, तरी घराच्या बाबतीत ती पिल्लूच आहे असं धरून चला.

चटई न सोडण्याचं कारण बहुतेक लादीच. एकदा पाय फाकून घसरले की ती जागा ही कुत्री टाळतात. काथ्याच्या किंवा खाली रबर असलेल्या दोन फूट रुंद पट्ट्या आणा आणि अंथरुणापासून पाण्यापर्यंत, पाण्यापासून दारापर्यंत सलग अंथरा. मध्ये हातभर लादी उघडी राहिली तर ती नेमकी तिथेच अडेल. वाढलेली नखं कापून घ्या. नख आधी टेकलं की पंजाची गादी लादीवर नीट बसत नाही.

पायऱ्यांवर ओढू नका. छातीचा पट्टा एकाने धरायचा, दुसऱ्याने मागून मांड्यांना आधार द्यायचा. तिला उचलून दुसऱ्या पायरीवर उभी करा, म्हणजे चढायला एकच पायरी उरेल. पुढचा एक पाय हाताने वर ठेवा, मग दुसरा, मग मागचे. ते जमलं की एक पायरी खालून सुरुवात. उतरायला शिकवताना मात्र सगळ्यात खालच्या पायरीपासून. दिवसातून दोनदा, पाच-पाच मिनिटं पुरे. घाई केली तर ती तिन्ही पायऱ्यांवरून एकदम उडी घेते, आणि तिची कातडी इतकी पातळ की चिऱ्याच्या धारेवर सहज फाटते.

गुरगुरण्याबद्दल. ग्रेहाऊंड पुष्कळदा डोळे अर्धवट उघडे ठेवून गाढ झोपतो. आपल्याला वाटतं जागा आहे. अचानक हात लागला की भान येण्याआधीच तो गुरगुरतो किंवा तोंड मारतो. त्यासाठी रागावू नका. गुरगुरणं बंद पाडलंत तर पुढच्या वेळी सूचना न देता चावा बसेल. अंथरूण येण्याजाण्याच्या वाटेवर नको. कोपऱ्यात चार इंच जाड फोमची गादी द्या, कारण कोपरांवर मांस नसल्याने लादीवर पडून तिथे घट्टे पडतात. नातवाला एवढंच सांगा : ती पडलेली असताना हात लावायचा नाही, लांबून नाव घ्यायचं, ती उठून जवळ आली की मग लाड करायचे. तरीही लहान मूल आणि ती एका खोलीत असताना मोठं माणूस हवंच.

शेवटच्या दोन-तीन बरगड्या आणि कमरेच्या हाडांची टोकं पुसट दिसणं ही या जातीची चांगली तब्येत आहे. 27 किलोच्या कुत्रीला दिवसाला सुमारे 1300 कॅलरी लागतात, म्हणजे 350 ते 400 ग्रॅम कोरडं खाणं, दोन वेळांत विभागून. नवं खाणं आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवा, नाहीतर जुलाब ठरलेले. उरलेलं हुमण-भात देऊ नका, त्यातला कांदा-लसूण कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतो. छाती खोल असल्याने पोटाला पीळ पडण्याचा धोका आहे, म्हणून जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर धावपळ नको. पोट फुगलं, ओकायला जाते पण काहीच पडत नाही, असं दिसलं तर रात्रीचे दोन वाजले असले तरी डॉक्टर गाठा.

तुम्ही विचारलं नाही, तरी सांगायलाच हवं : हिची मान डोक्यापेक्षा जाड, त्यामुळे साधा पट्टा सरकून निघतो. ओढल्यावर थोडा आवळणारा, दीड-दोन इंच रुंद मार्टिंगेल पट्टा घ्या. आपोआप गुंडाळणारी लांब दोरी नको. तेवढ्या अंतरात ती वेग पकडते आणि दोरी संपताच सगळा झटका मानेला बसतो. किनारा कितीही मोकळा दिसला तरी सोडू नका. ताशी 60 किलोमीटरने पळणाऱ्या कुत्रीला मुंगूस दिसलं की तुमची हाक ऐकू येत नाही.

प्रश्न : आमच्या ग्रेहाऊंडच्या नसबंदीआधीच्या तपासणीत प्लेटलेट 1 लाख 20 हजार आल्या. गोचीडतापाची गोळी सुरू करायची का?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर : केवळ या आकड्यावरून नको. गोचीडतापात प्लेटलेट घटतात हे खरं, पण ग्रेहाऊंडच्या प्लेटलेट मुळातच कमी असतात, 1 लाख 20 हजार हा त्यांच्यात नेहमीचा आकडा आहे. पण गोव्यात गोचीडताप इतका आहे की दुर्लक्षही करता येत नाही. म्हणून रक्ताचा स्मिअर (काचपट्टीवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं) आणि एर्लिकियाची, म्हणजे गोचीडतापाच्या जंतूची, तपासणी करून घ्या. त्याच अहवालात हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण, बघा. या जातीत तो 50 ते 65 टक्के असतो. इतर कुत्र्यांत चालून जाणारा 38 हा आकडा हिच्यात रक्त कमी झाल्याची खूण आहे. आम्हाला प्लेटलेटपेक्षा त्याचीच जास्त काळजी वाटेल.

डॉक्टरांना दोन गोष्टी आधीच सांगा. थायोपेंटोनची भूल या जातीत फार उशिरा उतरते, ती टाळावी. आणि काही ग्रेहाऊंडना शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रक्तस्राव सुरू होतो. टाक्यांभोवती निळं-काळं पसरताना दिसलं तर लगेच न्या.

घरातली गोचीड भिंतीच्या भेगांत अंडी घालते. न गिलावलेली चिऱ्याची भिंत असेल तर भेगा बुजवा, नुसत्या गोळीने भागणार नाही.

प्रश्न : नरकासुराच्या रात्री, म्हणजे नरक चतुर्दशीच्या आदल्या रात्री फटाके वाजतात तेव्हा, ग्रेहाऊंडचं काय करावं?
– एक वाचक, डिचोली

उत्तर : संध्याकाळी सहाच्या आत फिरवून आणा. मग आतल्या खोलीत, खिडक्या बंद, पंखा मोठा, सोबत घरचं माणूस. आधीच्या फटाक्यांना फार घाबरली असेल तर डॉक्टरांकडून भीती कमी करणारं औषध घ्या आणि आठवडाभर आधी शांत दिवशी एकदा देऊन बघा. नुसती गुंगी आणणारं एसप्रोमॅझिन नको, त्याने अंग सुस्त पडतं पण भीती तशीच राहते. गळ्यात फोन नंबरचा बिल्ला रात्रभर असू द्या. वर्गणीला येणारी मुलं गेट उघडं टाकून जातात, तेव्हा त्या आठवड्यात गेटला कुलूप लावा.