लेअर मशीनप्रमाणे पाडा : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

पोळा झाला की नागपुरातल्या डिझायनिंगच्या दुकानांना दिवाळीपर्यंत उसंत नसते. गणपती, नवरात्र, दीक्षाभूमीवरचा धम्मचक्र प्रवर्तन दिन, आणि पाठोपाठ डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन. या महिन्यात आलेली बहुतेक पत्रं एकाच दुखण्याची आहेत : फाईल आपणच केलेली, पण ऐन घाईत तीत काय कुठे आहे ते आपल्यालाच सापडत नाही. म्हणून हे पूर्ण सदर लेअर (फाईलमधले एकावर एक ठेवलेले थर) आणि टेम्प्लेट (पुन्हा पुन्हा वापरायचा साचा) यांनाच दिलं आहे.

प्रश्न : आमच्याकडे दुकानांच्या पाट्या होतात. मागे एसीपी (अॅल्युमिनियम कॉम्पोझिट पॅनेल), त्यावर अ‍ॅक्रेलिकची अक्षरं, खाली व्हायनलची (चिकट प्लॅस्टिक फिल्मची) पट्टी. कोरलड्रॉमध्ये सगळं ‘लेअर १’ वरच पडलेलं असतं. एकदा ‘पार्श्वभूमी’, ‘लोगो’, ‘मजकूर’ असे लेअर केले होते, पण काही फरक पडला नाही. किती लेअर करावेत आणि कोणते? (पाटी-कारागीर, सीताबर्डी)

फरक पडला नाही, कारण लेअर तुम्ही डोळ्यांना दिसतं तसे पाडले. छापील पत्रिकेला ते चालतं. पाटीच्या फाईलमध्ये लेअर मशीनप्रमाणे पाडायचे. तुमची एसीपी राउटरवर (फिरत्या पात्याने कापणाऱ्या मशीनवर) जाते, अक्षरं लेझरवर, पट्टी प्लॉटरवर (व्हायनल कापणाऱ्या मशीनवर), आणि छिद्रं भिंतीवर बोर्ड लावणाऱ्याच्या ड्रिलखाली. म्हणून लेअरही तेच : ‘राउटर’, ‘लेझर’, ‘प्लॉटर’, ‘ड्रिल’. त्यांच्या वर ‘मोजमाप’, आणि सगळ्यात खाली दुकानाच्या दर्शनी भागाचा फोटो असलेला ‘फोटो-संदर्भ’. सहा झाले, पुरे. लोगोचा काही भाग अ‍ॅक्रेलिकमध्ये आणि काही व्हायनलमध्ये असेल, तर तो दोन लेअरवर विभागला गेला पाहिजे. तिथेच तुमची जुनी मांडणी तुटत होती.

कोरलमध्ये ऑब्जेक्ट्स डॉकर उघडा (जुन्या आवृत्त्यांत त्याचं नाव ऑब्जेक्ट मॅनेजर). लेअरच्या नावाशेजारी डोळा, प्रिंटर आणि कुलूप अशी तीन चिन्हं असतात. ‘मोजमाप’ आणि ‘फोटो-संदर्भ’ यांचा प्रिंटर बंद करा, म्हणजे ते छपाईतही येत नाहीत आणि एक्स्पोर्टमध्येही नाही. फोटोच्या लेअरला कुलूपही लावा. राउटरवाल्याला फाईल देताना बाकी सगळ्या लेअरचे प्रिंटर बंद करून एक्स्पोर्ट करा.

इथे तीन ठिकाणी हमखास घात होतो. पहिलं म्हणजे डोळा बंद केला की लेअर छापला जाणार नाही, हा समज. कोरलच्या बऱ्याच आवृत्त्यांत डोळा फक्त पडद्यापुरता असतो. प्रिंटरचं चिन्ह चालू राहिलं तर लपवलेली मापंही फ्लेक्सवर उतरतात. इलस्ट्रेटरमध्ये उलट आहे, तिथे लपवलेला लेअर छापला जात नाही. दोन्ही सॉफ्टवेअर वापरणाऱ्या दुकानात ही गल्लत रोज होऊ शकते.

दुसरं, कंट्रोल-जी. दोन लेअरवरच्या वस्तू एकत्र निवडून ग्रुप केला की त्या सगळ्या एकाच लेअरवर जाऊन बसतात. लेझरची अक्षरं आणि प्लॉटरची पट्टी ‘एकत्र हलवायला सोपं’ म्हणून ग्रुप केली, की तासाभराची मेहनत तिथेच संपली. एकत्र हलवायचं असेल तर ग्रुप न करता नुसतं निवडा आणि हलवा.

तिसरं, नवीन काढलेली वस्तू नेहमी चालू लेअरवर जाते. तिचा आकार दिसतो, पण ती कुठल्या लेअरवर गेली ते दिसत नाही. यावर सोपा उपाय म्हणजे प्रत्येक मशीनला एक रंग ठरवून टाकणे. आम्ही सुचवू : राउटर निळा, लेझर लाल, प्लॉटर हिरवा, ड्रिल काळा. ‘लेझर’ लेअरवर हिरवी रेघ दिसली की चूक लगेच लक्षात येते.

‘ड्रिल’चा लेअर बरेच जण करतच नाहीत, आणि नागपुरात तर तो हवाच. अ‍ॅक्रेलिक उन्हाने वाढतं. आठ फुटी, म्हणजे २४३८ मिमी लांबीचा एकसलग फलक घ्या. जानेवारीतली १० अंशांची पहाट आणि मे महिन्यातली ४५ अंशांची दुपार यांत ३५ अंशांचा फरक असतो. दर मीटरला दर अंशामागे ०.०७ मिमी वाढ धरली तर हा फलक जवळजवळ ६ मिमी लांबतो. छिद्रं स्क्रूच्या घट्ट मापाची असतील तर त्याला सरकायला जागा राहत नाही, आणि मग टोकाच्या छिद्रापासून तडा जातो. म्हणून फक्त मधलं छिद्र स्क्रूच्या मापाचं ठेवा. टोकाची छिद्रं आडवी लांबट करा. ५ मिमीच्या स्क्रूला दोन्ही बाजूंना ३-३ मिमी सोडून ११ मिमी लांब. हे एकदा काढून टेम्प्लेटमध्ये ठेवलं की पुन्हा हिशोब करावा लागत नाही.

प्रश्न : व्हायनलवर मराठी नाव कट केलं की प्लॉटर प्रत्येक अक्षराच्या जोडावर उभी चीर देतो. शिरोरेषा तुकड्यातुकड्यांत निघते. इंग्रजी अक्षरांना असं होत नाही. (व्हायनल-कटिंग करणारा वाचक, महाल)

इंग्रजी अक्षरं सुटी असतात, म्हणून तिथे हा प्रश्न येत नाही. देवनागरीत प्रत्येक अक्षर आपापला शिरोरेषेचा तुकडा घेऊन येतं. शेजारच्या अक्षराला चिकटावा म्हणून तो तुकडा किंचित पुढे गेलेला असतो. पडद्यावर ती एक सलग रेघ वाटते, पण प्लॉटरला दोन वेगळ्या चौकटी एकमेकींवर चढलेल्या दिसतात, आणि तो दोन्हींच्या कडा कापतो. ‘नागपूर’ हा शब्द वायरफ्रेममध्ये, म्हणजे फक्त कडा दाखवणाऱ्या दृश्यात बघा (इलस्ट्रेटरमध्ये कंट्रोल-वाय) : ना, ग, पू, र यांच्या जोडांवर उभ्या रेघा स्पष्ट दिसतील.

इलस्ट्रेटरमध्ये उपाय सरळ आहे. क्रिएट आउटलाइन्स करा, मग पाथफाइंडरमधलं युनाइट. अक्षरांच्या पोकळ्या शाबूत राहतात.

कोरलमध्ये जरा सांभाळून. कंट्रोल-क्यूने कर्व्ह केले, कंट्रोल-केने सुटे केले आणि सगळं निवडून वेल्ड केलं (जोडून एकच आकृती केली), की ‘व’, ‘ब’, ‘ठ’ यांची पोटं भरून जातात. सुटं करताना पोकळीही स्वतंत्र वस्तू झालेली असते आणि वेल्ड तिला अक्षरात गिळून टाकतो. म्हणून सुटं केल्यावर आधी सगळ्या पोकळ्या निवडून त्यांना वेगळा रंग द्या. उरलेल्या बाहेरच्या आकृत्यांचाच वेल्ड करा. मग वेल्ड झालेली आकृती आणि पोकळ्या मिळून कंट्रोल-एल, म्हणजे कम्बाइन. पुन्हा वायरफ्रेम बघा. शिरोरेषा एकाच टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड दिसली पाहिजे.

अनुस्वाराकडेही लक्ष द्या. तो शिरोरेषेला जोडलेला नसतो, आणि बारीक असला तर सोलताना जादा व्हायनलबरोबर उचकटून येतो. ५ मिमीपेक्षा लहान ठेवू नका. फॉन्टमधला टिंब त्याहून बारीक असेल तर त्याच्या जागी गोल काढून बसवा.

हे सगळं ‘प्लॉटर’ लेअरवर, त्या मजकुराच्या प्रतीवर करा. मूळ मजकूर ‘मजकूर-मूळ’ नावाच्या, प्रिंटर बंद केलेल्या लेअरवर तसाच ठेवा. वेल्ड केलेल्या नावात उद्या ‘अँड सन्स’ जोडायचं झालं तर कर्व्हमधून मजकूर परत मिळत नाही.

प्रश्न : छापून कापायच्या स्टिकरवर कटलाईन कापली न जाता छापूनच येते. कधी मशीन एकाच रेघेवर दोनदा फिरते. (हिंगणा एमआयडीसी)

छापून येते कारण मशीनच्या रिप सॉफ्टवेअरला (फाईल मशीनला समजेल अशी करून देणाऱ्या प्रोग्रॅमला) ती रेघ कटलाईन म्हणून ओळखू आलेली नाही. लेअरचं नाव रिप वाचेलच असं नाही, ते स्पॉट रंगाचं (स्वतंत्र नाव दिलेल्या रंगाचं) नाव वाचतं. रोलँडच्या व्हर्सावर्क्समध्ये ते नाव ‘CutContour’ (कटकंटूर) आहे. रोमन लिपीत, मध्ये जागा न सोडता, दोन्ही ‘सी’ कॅपिटल. एक अक्षर चुकलं तरी तो साधा रंग समजला जातो. दुसऱ्या कंपनीची मशीन असेल तर तिच्या पुस्तिकेतलं नाव घ्या. रंग प्रोसेस (चार शायांच्या मिश्रणाचा) नव्हे, स्पॉटच हवा. हा रंग आणि रिकामा ‘कट’ लेअर स्टिकरच्या टेम्प्लेटमध्ये कायमचे ठेवून द्या, म्हणजे कुणालाही नाव टाईप करावं लागणार नाही.

दोनदा फिरते त्याची कारणं दोन. एकतर रेघेवर रेघ आहे : वरची हलवून बघा, खाली दुसरी सापडेल. नाहीतर जाड आउटलाइनचं ऑब्जेक्टमध्ये रूपांतर झालंय, त्यामुळे तिला आतली आणि बाहेरची अशा दोन कडा आल्या. कटलाईनला फक्त हेअरलाइन द्या, फिल काहीही नको.

प्रश्न : जुन्या गिऱ्हाइकाची फाईल उघडून ‘सेव्ह अ‍ॅज’ करतो आणि नवीन माणसाचं काम करतो. दोनदा जुना फोन नंबर तसाच छापला गेला. दोन्ही फ्लेक्स पदरचे गेले. (फ्लेक्स प्रिंटिंग, इतवारी)

जुनी फाईल म्हणजे टेम्प्लेट नव्हे. तीत मागच्या गिऱ्हाइकाचं सगळं असतं. घाईत ‘सेव्ह अ‍ॅज’ऐवजी ‘सेव्ह’ दाबलं तर जुनी फाईलही जाते. कोरलमध्ये फाईल मेनूतून ‘सेव्ह अ‍ॅज टेम्प्लेट’ करा, सीडीटी फाईल तयार होते. ती ‘न्यू फ्रॉम टेम्प्लेट’ने उघडली की दरवेळी नवीन, बिननावाची प्रत समोर येते. इलस्ट्रेटरमध्ये हेच काम एआयटी फाईल करते.

टेम्प्लेटमध्ये फक्त न बदलणारं ठेवा : पानाचं माप, लेअर, आयलेट आणि दुमडपट्टीसाठी सोडलेल्या कडा, ठरलेले रंग आणि स्टाईल. फोटो नको, कुणाचाही लोगो नको. मजकुराच्या जागी भडक राणी रंगात ‘फोन नंबर इथे’, ‘पत्ता इथे’ असं लिहा. छपाईआधी पानावर राणी रंग उरला असेल तर काम अपुरं आहे, हे दुकानातला नवा मुलगाही सांगू शकेल. दरवर्षी येणाऱ्या कामात तारीखही अशीच राणी रंगात ठेवा. अशोक विजयादशमीचा फ्लेक्स मागच्या वर्षीच्या तारखेनिशी लागणं फार वाईट.

माप पहिल्याच दिवशी नीट ठरवा. १० × ३ फुटांचा फ्लेक्स खऱ्या मापात ७२ पीपीआयला (इंचाला ७२ पिक्सेल) ८६४० × २५९२ पिक्सेल होतो, सीएमवायकेमध्ये (छपाईच्या चार रंगांत) सुमारे ९० एमबी. हे आरामात चालतं. २० × १० फुटांचं होर्डिंग मात्र १:१० मापात, म्हणजे २४ × १२ इंचांत करा. इलस्ट्रेटरच्या जुन्या आवृत्त्यांचा कॅनव्हास २२७ इंचांचा, १९ फुटांहूनही थोडा कमी, तिथे ते मावतच नाही. १:१० मध्ये फोटो ७२० पीपीआयचा हवा, तेव्हा तो खऱ्या मापात ७२ राहतो. आउटलाइनला ‘स्केल विथ ऑब्जेक्ट’ लावायला विसरू नका, नाहीतर दहापट मोठं करताना अक्षरं वाढतात आणि त्यांची किनार केसाएवढीच राहते. टेम्प्लेटच्या नावातच प्रमाण लिहा : ‘होर्डिंग २०×१०, १ ला १०’.

दुकानांच्या पाट्यांच्या टेम्प्लेटमध्ये आणखी एक गोष्ट हवी. २०२२च्या दुरुस्तीनंतर राज्यातल्या दुकानांच्या पाटीवर देवनागरीतलं मराठी नाव बंधनकारक आहे आणि त्याची अक्षरं इतर भाषेतल्या अक्षरांपेक्षा लहान चालत नाहीत. दोन्हींना सारखाच पॉइंट साइज दिला की झालं, असं समजू नका. देवनागरी फॉन्टमध्ये वरखालच्या मात्रांना जागा सोडलेली असते, त्यामुळे त्याच पॉइंटला इंग्रजी कॅपिटल बहुधा मोठं दिसतं. ‘मोजमाप’ लेअरवर दोन गाइड टाका, एक शिरोरेषेवर आणि एक अक्षराच्या तळाशी. इंग्रजी कॅपिटलची उंची या दोहोंमधल्या अंतराच्या आत राहिली पाहिजे.

प्रश्न : मनीषनगरच्या एका सोसायटीच्या ४८ नावपाट्या करायच्या आहेत. प्रत्येक पाटी वेगळी टाईप करू का? (लेझर-कटिंग)

नको. कोरलमधलं प्रिंट मर्ज वापरा. एक पाटी बनवा, नाव आणि फ्लॅट नंबर ही दोन फील्ड टाका, यादी जोडा आणि सगळं नव्या फाईलमध्ये मर्ज करा, थेट प्रिंटरवर नको. एक्सेलमधली यादी साध्या सीएसव्हीमध्ये जतन केली तर मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं येऊ शकतात. ‘युनिकोड टेक्स्ट’ निवडा आणि आधी दोनच नावं मर्ज करून बघा. त्यातलं एक ‘राऊत’सारखं छोटं घ्या, दुसरं यादीतलं सर्वांत लांब, ‘चंद्रिकापुरे’सारखं. अक्षराचा आकार लांब नावावरून ठरवा. नाहीतर छोटी नावं मोठ्या अक्षरांत आणि लांब नावं दाबलेली, अशा ४८ तऱ्हा होतील.

शीटचा हिशोबही टेम्प्लेटमध्येच करा. ८ × ३ इंचांच्या पाट्या ८ × ४ फुटी शीटवर नुसत्या हिशोबाने १९२ बसतात. दोन पाट्यांमध्ये २ मिमी सोडले की १६५ च बसतात. दर सांगताना १६५ धरा.

प्रश्न : माझी फाईल दुसऱ्या प्रेसला दिली की मराठी मजकुराचा कचरा होतो. (कामठी)

तुमचा फॉन्ट जुन्या, युनिकोडपूर्व पद्धतीचा आहे. त्यात मराठी अक्षरं रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असतात, म्हणून तोच फॉन्ट नसलेल्या संगणकावर ती भलतीच दिसतात. बाहेर द्यायच्या प्रतीत मजकूर कर्व्ह करा आणि मूळ मजकुराची फाईल आपल्याकडे ठेवा. नवीन टेम्प्लेट युनिकोड फॉन्टमध्येच बनवा. कोरलमध्ये एक्स-६ पासून ते नीट चालतं. इलस्ट्रेटरमध्ये जोडाक्षरं फुटली तर प्रेफरन्सेसच्या टाईप विभागात ‘शो इंडिक ऑप्शन्स’ चालू करा आणि परिच्छेदाला दक्षिण आशियाई कम्पोझर लावा.

प्रश्न : लेअर वाढवले की फाईल जड होते का? (विद्यार्थिनी, धरमपेठ)

नाही. जड होते ती मोठ्या फोटोंनी, सावल्यांनी आणि पॉवरक्लिपमध्ये (चित्र एखाद्या आकारात बसवण्याच्या कोरलच्या सोयीत) कोंबून विसरलेल्या चित्रांनी.