वजन बेताचं, तरी कमरेला टेप कशाला?

प्रश्न : मी मॉरिशसमधल्या वाक्वाची. पणजोबा रत्नागिरीकडून आलेले. वय ४७, उंची १५६ सेंमी, वजन ५८ किलो. तपासणीत नर्सनं पोटाचा घेर मोजला, ८८ सेंमी भरला, तर लगेच "साखर तपासून घ्या" म्हणाली. माझी क्रिओल (इथल्या आफ्रिकी-मिश्र वंशाची) शेजारीण माझ्याहून चांगली जाड, तिची साखर नॉर्मल! मग मलाच का?

उत्तर : नर्सचं बरोबर आहे, ताई. तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, २३.८ येतो. नेहमीच्या तक्त्यात २५ पर्यंत सारं आलबेल. पण आशियाई लोकांना २३ पासूनच जपायला हवं, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २००४ मध्येच सांगितलंय. आणि आपल्या वंशाच्या बायकांचा घेर ८० च्या आत हवा, पुरुषांचा ९० च्या. तुमचे जादा आठ सेंटिमीटर मांड्यांवर असते तर मी एवढं ताणलं नसतं. पोटातली चरबी यकृताला जाऊन भिडते आणि इन्सुलिनचं काही चालू देत नाही.

पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक जोडफोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघांचा बीएमआय २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२! "मी कुठे जाड आहे?" म्हणणाऱ्यांना मी हाच दाखवतो.

प्रशांत महासागरातल्या सामोआ बेटांवर उलटा प्रकार. तिथल्या पुष्कळांमध्ये एक जनुकभेद आहे (२०१६ मध्ये सापडला), तो वजन वाढवतो, पण मधुमेहाचा धोका कमी करतो. म्हणून काही सामोआ मधुमेहातून सुटलेलं नाही. एकच तक्ता सगळ्या बेटांना लावता येत नाही, एवढंच. शेजारणीनंही निर्धास्त राहू नये : मॉरिशसच्या १९८७ च्या पाहणीत भारतीय, क्रिओल, चिनी, सगळ्यांमध्येच मधुमेह भरपूर निघाला होता.

घरी मोजायचं तर शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, उघड्या अंगावर, श्वास सोडून. पोट आत ओढायचं नाही, सगळे ओढतात.

उपाशीपोटी साखर आणि एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगणारी रक्ततपासणी), दोन्ही करून घ्या. आईवडिलांना मधुमेह होता का, गरोदरपणी तुमची साखर वाढली होती का, हे पत्रात नाही. डॉक्टरांना आधी ते सांगा.