राज्याच्या ऊर्जा आराखड्याविषयी

चिरंजीवास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

वीज हा विषय समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य या दोघांच्याही अधिकारात, आहे आणि केंद्रीय विद्युत प्राधिकरण दर पाच वर्षांनी राष्ट्रीय विद्युत आराखडा तयार करते; मग महाराष्ट्राने स्वतःचा वेगळा आराखडा कशासाठी करावा, असे तू राज्याच्या आराखड्याचा मसुदा लिहायला घेताना विचारले आहेस. तो करावा, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण नियोजन चुकले की त्याची किंमत राज्याच्याच वीज कंपन्यांना आणि ग्राहकांना मोजावी लागते.

एन्रॉन कंपनीच्या दाभोळ वीज प्रकल्पाचा इतिहास आधी नीट वाच. जागतिक बँकेने १९९३ मध्ये हा प्रकल्प आर्थिकदृष्ट्या व्यवहार्य नसल्याचे सांगून कर्ज नाकारले, तरीही त्याच वर्षी राज्य वीज मंडळाने खरेदी करार केला आणि वीज उचलली नाही तरी स्थिर आकार देण्याचे बंधन पत्करले. १९९९ मध्ये ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू झाला आणि दोनच वर्षांत ते बिल मंडळाला पेलेनासे झाले. विजेचा तुटवडा खरा होता. पण ही वीज कोणत्या तासाला, कोणाला आणि कोणत्या दराने द्यायची, याचा हिशोब करारापूर्वी व्हायला हवा होता.

३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर ही वीज वाहून नेणारी पारेषण वाहिनी कार्यान्वित होऊन दक्षिणेचे वीजजाळे उर्वरित देशाशी जोडले गेले, तेव्हा आता वीज कुठूनही आणता येईल, असे तुला कुणी सांगेल. ते खरे आहे, परंतु गावच्या कृषिपंपाला वीज रात्री द्यायची की दिवसा, हे राष्ट्रीय ग्रिड ठरवत नाही. रात्री पाणी द्यायला जाणाऱ्या शेतकऱ्याची अडचण दिल्लीतल्या तक्त्यात मावत नाही. २०१७ मध्ये राज्याने कृषिपंपांना दिवसा सौर वीज देण्यासाठी सौर कृषी वाहिनी योजना आणली, ती या अडचणीतूनच. मात्र दिवसाची सौर वीज वाढली की संध्याकाळी ती अचानक ओसरते, आणि तेव्हाची मागणी कशाने भागवायची, हा पुढचा प्रश्न उभा राहतो. तिथे कोयना जलविद्युत प्रकल्प आठवतो. त्याची क्षमता १,९६० मेगावॅट असली तरी वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवायच्या पाण्यावर वर्षाला ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा आहे, म्हणून ते पाणी जपून, नेमक्या तासांसाठी राखावे लागते. पाण्याचा हिशोब सोडून विजेचा आराखडा होत नाही: २०१५ मध्ये परळीचे औष्णिक केंद्र बंद पडले ते कोळशावाचून नव्हे, पाण्यावाचून.

आणखी एक. आपल्याकडे ‘ऊर्जा’ असे शीर्षक द्यायचे आणि आत फक्त मेगावॅट मोजायचे, अशी खोड आहे. चुलीचे सरपण, मालमोटारींचे डिझेल आणि साखर कारखान्यांचा बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, यांनाही तुझ्या मसुद्यात जागा हवी. बगॅसवरील वीज गळीत हंगामात मिळते आणि रब्बीच्या पंपांची मागणीही साधारण त्याच महिन्यांत असते. हा मेळ राज्यपातळीवरच दिसतो.

कोळशाचे वाटप, रेल्वेच्या वाघिणी आणि आंतरराज्य पारेषण राज्याच्या हातात नाही. त्याबद्दल मोठी आश्वासने लिहू नकोस. जे राज्य, महावितरण आणि नियामक आयोग यांना स्वतः ठरवता येते, ते वेगळे काढून लिही, आणि मागणीचे अंदाज दरवर्षी तपासण्याची तरतूद कर, कारण पंधरा वर्षांपूर्वी विजेवर चालणाऱ्या गाड्यांचा विचारही कोणी फारसा करत नव्हते.

लिहायला बसण्यापूर्वी एखाद्या तालुक्याच्या उपकेंद्रात दोन दिवस घालव आणि तिथल्या नोंदवहीतून कृषी व गावठाण (गावातील घरांच्या) वाहिन्यांचा तासागणिक भार उतरवून घे. मसुद्याआधी तेच तक्ते मला पाठव. प्रस्तावना नंतर वाचीन.

तुझा,
एक जुना अभियंता