परराज्यातल्या कोर्टाचं जुनं वॉरंट : हजर कसं व्हायचं

प्रिय,

वॉरंट जुनं झालं, आता कोण विचारतंय, हा समज आधी काढून टाक. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेचा कायदा) कलम ७२ प्रमाणे कोर्ट रद्द करेपर्यंत किंवा बजावणी होईपर्यंत वॉरंट कायम राहतं. पासपोर्ट काढायला गेल्यावर ते आडवं येऊ शकतं.

ई-कोर्ट्स या कोर्टांच्या संकेतस्थळावर १६ अक्षरांचा सीएनआर क्रमांक, म्हणजे खटल्याचा ओळख क्रमांक, शोध. नाव आणि वर्ष टाकूनही सापडत नसेल तर फाईल अभिलेख कक्षात (रेकॉर्ड रूममध्ये) गेलेली असू शकते. ती मागवायला वेळ लागतो, म्हणून आधी वॉरंट काढणाऱ्या कोर्टातच रोज उभा राहणारा वकील गाठ. आपल्या शहरातला ओळखीचा वकील इथे फारसा कामाचा नाही. वकालतनामा (वकील नेमल्याचा कागद) दे आणि रोजनाम्याची, म्हणजे प्रत्येक तारखेला कोर्टात काय झालं त्या नोंदीची, प्रमाणित नक्कल काढायला सांग.

सगळं त्या रोजनाम्यात असतं. समन्स जुन्या पत्त्यावरून परत आलं होतं का? मग भाडेकरार, नोकरीचं पत्र असे त्या काळातले पुरावे प्रतिज्ञापत्राला जोड, म्हणजे गैरहजेरीचं कारण कोर्टाला पटतं. जामिनावर सुटून तारखा चुकवल्या असतील तर मात्र जामिनाच्या वेळी लिहून दिलेलं बंधपत्र सहसा जप्त झालेलं असतं आणि ती रक्कम भरायची तयारी ठेवावी लागते. कलम ८४ ची उद्घोषणा (फरार आरोपीने ठरल्या तारखेला हजर व्हावं असा जाहीर हुकूम) निघाली आहे का, हेही तिथेच कळेल. निघाली असेल तर प्रकरण वेगळ्याच वळणावर आहे: मालमत्तेवर जप्ती येऊ शकते, हजर न राहणं हा स्वतंत्र गुन्हा ठरतो आणि अटकपूर्व जामीन मिळणं फार कठीण होतं. उद्घोषणा नसेल, पण गुन्हा गंभीर असेल, तर आपल्या राज्यातल्या सत्र किंवा उच्च न्यायालयातून तिथे पोहोचेपर्यंत तात्पुरतं संरक्षण मागता येतं. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये हे मान्य केलं आहे.

वॉरंट रद्द करण्याच्या अर्जावर कोर्ट सहसा आरोपीला समोर पाहिल्याशिवाय आदेश करत नाही. सोमवार-मंगळवारी, सकाळच्या सत्रात जा. न्यायाधीश रजेवर नाहीत ना, हे आदल्या दिवशी विचारून घे. शुक्रवारी गेलास आणि कोठडी मिळाली, तर जामीन अर्जाला सोमवार उजाडतो. जामिनाचा अर्ज सोबतच तयार ठेव. खरी अडचण जामीनदाराची: परक्या गावात तो मिळत नाही, म्हणून जामीनदाराऐवजी रोख रक्कम भरू देण्याची विनंती अर्जातच लिहून टाक.

फिर्यादीशी बाहेर तडजोड झाली, पैसे दिले, एवढ्यावर विसंबू नकोस. चेक न वटल्याच्या खटल्यांत हे फार होतं. तडजोड कोर्टात नोंदवली नाही तर वॉरंट तसंच राहतं. पोलीस ठाण्यात जाऊन ‘मिटवून’ घेण्याचाही उपयोग नाही, तो अधिकार त्यांचा नाहीच.

कोर्टात हजर होण्याआधीच आपल्या गावी अटक झाली, तर वॉरंट पाहायला माग आणि घरच्यांना त्या वकिलाचा नंबर देऊन ठेव. गुन्हा जामीनपात्र असेल तर तिथल्या दंडाधिकाऱ्यासमोरच जामीन देता येतो, पोलिसांबरोबर प्रवास करावा लागत नाही.

आदेश झाला की प्रमाणित प्रत घे आणि वॉरंट रद्द झाल्याचं पत्र कोर्टातून ठाण्याला गेल्याची पोच मिळव. ठाण्याच्या नोंदी मागे राहतात, तेव्हा प्रत काही महिने जवळच असू दे. पुढच्या तारखांना गैरहजेरीची सवलत हवी असेल तर दर वेळी आधी अर्ज टाक.